तीन घरे, दोन रंग आणि बरोबरी नाही!

अशी कल्पना करा की पावसाळ्यातील रविवारची दुपार आहे. टेकडीवर जाता येत नाही, मैदानात चिखल झाला आहे. कोथरूडमधील एका सोसायटीच्या जिन्यात ताई आणि तिचा धाकटा भाऊ फुल्ली-गोळा खेळत बसले आहेत. पहिला डाव बरोबरीत सुटला, दुसराही आणि तिसराही! मग ताईने बुद्धिबळाचा पट मांडला. पण ताई शाळेच्या संघातून खेळणारी, तर भाऊ घोड्याची चाल कालच शिकलेला. तीन डाव हरल्यावर तो म्हणाला, "जा, मी नाही खेळत!" आणि उठून गेला.

भिडूच उठून गेला की चांगल्यातला चांगला खेळही संपला. म्हणून दुसऱ्याबरोबर खेळण्यासाठी खेळ निवडताना तीन प्रश्न विचारावेत. डावाचा निकाल नक्की लागतो का? पहिली चाल करणाऱ्याला जास्त फायदा मिळतो का? नवख्या भिडूलाही जिंकण्याची संधी आहे का? या तिन्ही प्रश्नांची गणिताने उत्तरे देता येतात. कशी, ते 'हेक्स' या खेळाच्या उदाहरणाने पाहू.

षट्कोनाची करामत

टेबलावर एक रुपयाचे एक नाणे ठेवा. त्याला चिकटून तशीच नाणी सभोवती मांडा. बरोबर सहा नाणी बसतील. सातवे बसणार नाही. मधमाशीच्या पोळ्यात एका घराभोवती सहा घरे असतात, त्याचे मूळ यातच आहे. पदपथावर षट्कोनी ठोकळे बसवलेले दिसले तर थोडे थांबून त्यांचे कोपरे पाहा. नियमित षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा असतो. म्हणून एका बिंदूपाशी ३ षट्कोन एकत्र येतात आणि ३६० अंश पुरे होतात. चौकोनी फरशीचा कोन ९० अंशांचा असतो, त्यामुळे तेथे ४ फरश्या एकत्र येतात. तीन आणि चार! फरक एवढासाच, पण त्याने खेळाचा सारा रंग बदलतो.

दोघांना सुचलेला एक खेळ

१९४२ साली डेन्मार्कमधील पीट हाइन यांनी षट्कोनी घरांच्या पटावर एक खेळ तयार केला. पुढे काही वर्षांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या जॉन नॅश यांना तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला. याच नॅश यांना १९९४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली अमेरिकेत हा खेळ 'हेक्स' या नावाने विक्रीस आला.

खेळाचे नियम दोन ओळींत मावतात. एका भिडूने पटाच्या वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत आपल्या सोंगट्यांची सलग साखळी जोडायची. दुसऱ्याने डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत. आळीपाळीने एकेका रिकाम्या घरात एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलवायची नाही आणि मारायचीही नाही.

पट घरीच तयार करा

पट विकत आणायची गरज नाही. चौकटींची वही आडवी धरा आणि भिंतीतील विटांसारख्या आकृती काढा. प्रत्येक वीट दोन चौकटी रुंद आणि एक चौकट उंच असावी. एका ओळीत ७ विटा काढा. खालची प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक चौकट उजवीकडे सरकवा. अशा ७ ओळी काढा. आता मधली कोणतीही वीट पाहा. तिला सहा विटा लागून आहेत: शेजारच्या दोन, वरच्या दोन आणि खालच्या दोन. म्हणजे विटांचा हा पट षट्कोनांच्या पटासारखाच झाला! सोंगट्या म्हणून एकाने चिंचोके घ्यावेत, दुसऱ्याने शर्टाची पांढरी बटणे. सराव झाला की ११ ओळींचा, म्हणजे १२१ घरांचा पट करा.

बरोबरी का होत नाही?

सगळा पट सोंगट्यांनी भरला आहे असे समजा. काळी घरे म्हणजे पाणी आणि पांढरी घरे म्हणजे दगडी बांध. वरच्या काठाने पाणी सोडले. ते खालच्या काठापर्यंत पोहोचले तर काळा भिडू जिंकला. पोहोचले नाही, तर त्याला अडवणारा बांध डावीकडून उजवीकडे सलग असलाच पाहिजे. म्हणजे पांढरा जिंकला. तिसरी शक्यताच नाही.

चौकोनी घरांत मात्र ही हमी देता येत नाही. चार घरांच्या कोपऱ्यात दोन काळी घरे तिरपी आणि दोन पांढरीही तिरपी येऊ शकतात. मग पाणीही पुढे जात नाही आणि बांधही सलग राहत नाही. षट्कोनांच्या कोपऱ्यात घरे तीनच आणि रंग दोनच. त्यामुळे दोन घरे एकाच रंगाची होणारच, आणि ती एकमेकांना बाजूने लागून असतात. कोंडी होण्यास जागाच उरत नाही! पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले: निकाल लागतोच.

पहिली चाल कोणाची?

आता दुसरा प्रश्न. नॅश यांनी याचे उत्तर मोठ्या गमतीने शोधले. समजा, दुसऱ्या भिडूकडे हमखास जिंकण्याची युक्ती आहे. मग पहिल्याने एक सोंगटी कोठेही ठेवावी, ती विसरून जावे आणि स्वतः 'दुसरा' बनून तीच युक्ती वापरावी. या खेळात जादा सोंगटीने कधीच तोटा होत नाही. म्हणजे दोघेही जिंकणार? ते अशक्य! म्हणून हमखास युक्ती दुसऱ्याकडे असू शकत नाही. बरोबरी होत नसल्याने ती पहिल्याकडेच असली पाहिजे. गंमत अशी की युक्ती आहे हे सिद्ध झाले, पण ती कोणती ते या सिद्धतेतून मुळीच कळत नाही.

मग हा अन्याय कसा दूर करावा? घरी एकच वडी उरली की आई काय करते? एकाने दोन तुकडे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. येथेही तसेच करा. पहिल्या भिडूने पहिली सोंगटी ठेवली की, ती बाजू आपण घ्यायची की पहिल्याकडेच राहू द्यायची, हे दुसऱ्याने ठरवावे. फार चांगली चाल केली तर ती हातची जाते. त्यामुळे पहिला भिडू मधल्यामध चाल शोधू लागतो.

तिसरा प्रश्न धाकट्या भावाचा. त्याच्यासाठी ७ ओळींचा, पण प्रत्येक ओळीत ८ विटा असलेला पट काढा. भावाने वरून खाली ७ घरे ओलांडायची, ताईने डावीकडून उजवीकडे ८. हा एका घराचा फायदा फार मोठा असतो. नीट खेळले तर भाऊ दुसरी चाल करूनही जिंकू शकतो. शिवाय त्याला एक क्लृप्ती सांगा: आपल्या विटेपासून मधली ओळ सोडून बरोबर वरच्या विटेत सोंगटी ठेवावी. मधल्या ओळीत त्या दोघींना जोडणारी दोन घरे असतात. ती दोन्ही रिकामी असतील, तर ताईने एक अडवले की भावाने दुसरे घ्यायचे. साखळी तुटत नाही!

चौघे जमले तर?

हेक्स दोघांचाच खेळ आहे. तिघे-चौघे असाल तर १९९५ सालचा 'कॅटन' पाहा. त्याचा पट १९ षट्कोनी तुकडे जुळवून दर डावाला नवा मांडता येतो. त्यात दोन फासे असतात. फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज ६ वेळा येते, तर २ ही एकदाच. दैवाचा थोडा वाटा असल्याने नवखाही जिंकू शकतो. दैव नको असेल, तर दोघांसाठी २००१ सालचा 'हाइव्ह' आहे. त्याला पटच नसतो. कीटकांची चित्रे असलेल्या षट्कोनी सोंगट्या जोडत प्रतिस्पर्ध्याच्या राणीमाशीला सहाही बाजूंनी घेरायचे असते.

मात्र कोणताही खेळ घेण्याआधी समोर कोण बसणार आहे याचा विचार करा. तुम्ही किती डाव जिंकलात यापेक्षा भिडू पुढच्या रविवारी पुन्हा आला की नाही, यावरून खेळाची निवड बरोबर होती की चुकली ते कळते.

आणि हो, जाता जाता एक कोडे. फक्त २ ओळी आणि प्रत्येकीत २ विटा असलेला चार घरांचा पट काढा. त्यावर बाजू निवडण्याचा नियम लावला तर कोण जिंकेल, पहिला की दुसरा? चारही घरे तपासा आणि उत्तर भिडूला पटवून द्या!