विश्लेषण : नाव ‘इंडिया’चे, हॉप्स परदेशी... आयपीए बिअरची तुलना नेमकी कशाची?

मुंबई आणि पुण्यात गेल्या दीड दशकात क्राफ्ट बिअरची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली. या दोन शहरांना जोडणाऱ्या वाटेवरच्या कामोठे, खारघर, पनवेल पट्ट्यातील हौशी मंडळीही आता ‘कोणाची आयपीए सरस?’ यावर हिरिरीने वाद घालतात. मात्र या कडवट, सुवासिक बिअरच्या बाबतीत चव केवळ पाककृतीवर ठरत नाही. ती किती दिवसांपूर्वी तयार झाली आणि वाटेत किती तापली, यावरही ठरते. त्यामुळे दोन ब्रुअरींची तुलना करताना अनेकदा ताज्या आणि शिळ्या बिअरचीच तुलना होऊन जाते. ती कशी टाळावी, आणि या पेल्यामागे इतिहास, कर व कायद्याचे कोणते हिशेब आहेत?

आयपीए म्हणजे काय?

बिअर मुख्यतः पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट या चार घटकांपासून बनते. मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट. ते गरम पाण्यात भिजवून गोड काढा तयार करतात, तो हॉप्स घालून उकळतात आणि थंड झाल्यावर यीस्ट घालून आंबवतात. साधारण १५ ते २४ अंश तापमानात आंबणारी ती ‘एल’ आणि ८ ते १३ अंशांत सावकाश आंबणारी ती ‘लागर’. कामोठ्यापासून जवळच, तळोजा औद्योगिक वसाहतीत युनायटेड ब्रुअरीजचा प्रकल्प आहे. किंगफिशर ही या कंपनीची सर्वांत परिचित बिअर लागर प्रकारातील आहे. ‘इंडिया पेल एल’ अर्थात आयपीए हा एलचा अधिक हॉप्स घातलेला प्रकार.

हॉप्स ही एका वेलीची शंकूसारखी फुले. ही वेल भांगेच्या कुळातील, पण हॉप्समध्ये भांगेसारखी नशा नाही. या फुलांतील पिवळ्या पुडीत कडू आम्ले आणि सुगंधी तेले असतात. हॉप्स उकळीच्या सुरुवातीला घातले तर कडूपणा उतरतो, कारण आम्लांचे रूपांतर व्हायला वेळ आणि उष्णता लागते. अखेरीस घातले तर सुवास टिकतो. आंबवण झाल्यानंतर, उकळीशिवाय घालण्याच्या पद्धतीला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. आजच्या बहुतेक आयपीएंचा दरवळ याच पद्धतीतून येतो.

नावात ‘इंडिया’ का?

‘लांबच्या समुद्रप्रवासात बिअर नासू नये म्हणून भरपूर हॉप्स घालून आयपीएचा शोध लावला गेला’ ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. हॉप्समुळे बिअर टिकते हे खरे आणि ते इंग्लंडमध्ये आधीपासून ठाऊक होते. परंतु काळसर पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून भारतात येत होती आणि टिकतही होती. गोऱ्या शिपायांचा ओढा पोर्टरकडे होता. फिकट, कडवट एल प्रामुख्याने ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी पीत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधील बो येथील जॉर्ज हॉजसन यांची ब्रुअरी कंपनीच्या जहाजांच्या धक्क्यापासून जवळ होती आणि ते कप्तानांना उधारीवर माल देत. चार ते सहा महिन्यांच्या उष्ण, हेलकावणाऱ्या प्रवासात ही एल पिंपातच मुरून यायची. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावातील सॅम्युएल ऑलसॉप यांनी या व्यापारात उडी घेतली. बर्टनच्या पाण्यात जिप्समचे प्रमाण जास्त असल्याने तेथील एल अधिक स्वच्छ आणि कोरड्या कडवटपणाची होई. म्हणजे कोणा एकाने मुद्दाम ‘शोध’ लावला नाही. मुंबई, मद्रास, कलकत्ता या बाजारपेठांनी एका जुन्या बिअरला नवे नाव दिले.

मग भारतात ती विसरली का गेली?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम शीतकरण आले आणि थंडगार, सौम्य लागरने जगभर मुसंडी मारली. उष्ण देशात तर ती अधिकच रुचली. आपल्याकडे पुढचा टप्पा दारूबंदीचा. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला. पुढे निर्बंध सैल झाले, पण कायदा कायम राहिला. आजही राज्यातील मायक्रोब्रुअरी ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९’ याच चौकटीत परवाना घेऊन चालते.

आयपीएचे पुनरुज्जीवन झाले ते अमेरिकेत. १९७२ मध्ये तेथे ‘कॅस्केड’ ही लिंबूवर्गीय वासाची हॉप्सची जात प्रसारित झाली आणि छोट्या ब्रुअरींनी ती उचलून धरली. आज आपल्याकडे मिळणाऱ्या आयपीएंवर बर्टनपेक्षा अमेरिकी चवीची छाप अधिक आहे.

महाराष्ट्रात सुरुवात कुठून झाली?

२००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिचे नाव मराठी वाचकाला परके नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश शिपाई महिनोन्‌महिने पडून असत. त्या कंटाळ्याने येणाऱ्या वेडसरपणाला त्यांनी ‘डूलाली टॅप’ म्हटले. यातील ‘डूलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. पुढे लोअर परळमध्ये ‘बार्किंग डिअर’ आणि ‘व्हाइट आउल’, डोंबिवलीत ब्रुअरी असलेली ‘गेटवे’, पुण्यात मुंढव्याची ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ अशी नावे या यादीत जोडली गेली. सगळीच टिकली नाहीत, पण गव्हाची बिअर, स्टाउट, आयपीए हे शब्द त्यांनी रुळवले.

छोट्या ब्रुअरींचा ओढा एलकडे असण्यामागे व्यवहारही आहे. एल साधारण दोन-तीन आठवड्यांत पेल्यात येऊ शकते. लागर मात्र आणखी काही आठवडे थंड टाकीत ठेवून मुरवावी लागते. मुंबई-पुण्यातील जागेचे भाडे पाहता टाकी जितकी लवकर रिकामी होईल तितके बरे.

हॉप्स येतात कुठून?

या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस आणि हिवाळ्यात कडक थंडी लागते. त्यामुळे तिची लागवड मुख्यतः ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात, अमेरिकेचा वायव्य भाग, जर्मनी, चेक प्रजासत्ताक येथे होते. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात तिची लागवड झाली, पण आधुनिक आयपीएसाठी हव्या असलेल्या ‘सिट्रा’, ‘मोझॅइक’, ‘सिम्को’ अशा जाती आयातच कराव्या लागतात. गव्हाच्या बिअरला हॉप्स थोडे पुरतात, तर आयपीएला त्याच्या कितीतरी पट. म्हणून ही बिअर बनवणाऱ्याच्या खिशाला जड जाते.

आयात झालेल्या हॉप्सचीही कसोटी लागते. त्यातील तेले उष्णता आणि हवेने उडतात, म्हणून हवाबंद पाकिटात, शीतगृहात त्यांची साठवण करावी लागते. ही साखळी कुठे तुटली तर उत्तम पाककृतीतूनही केवळ कडू, वासहीन बिअर हाती येते.

‘आयबीयू’चा आकडा किती मानावा?

मेन्यूकार्डावर ‘आयबीयू’ हा कडूपणाचा आकडा छापलेला असतो. साध्या लागरचा तो साधारण १० ते २०, तर आयपीएचा ४० ते ७० असतो. परंतु हा आकडा बिअरमधील कडू आम्लांचे प्रमाण सांगतो, जिभेला जाणवणारा कडूपणा नव्हे. कारल्याच्या भाजीत गूळ पडला की कारले तेच राहते, पण कडूपणा मवाळ होतो. बिअरमध्ये गुळाचे हे काम माल्टचा उरलेला गोडवा करतो. त्यामुळे ५० आकड्याची गोडसर आयपीए ही ३५ आकड्याच्या कोरड्या एलपेक्षा कमी कडू लागू शकते. ‘वेस्ट कोस्ट’ शैलीची आयपीए स्वच्छ, कोरडी आणि कडक असते. ‘न्यू इंग्लंड’ किंवा ‘हेझी’ शैलीची गढूळ, रसाळ आणि कडूपणाला मवाळ. या दोहोंना एकाच तराजूत तोलणे म्हणजे तिखट रस्सा आणि सोलकढी यांची स्पर्धा लावण्यासारखे.

ताजेपणा इतका महत्त्वाचा का?

कडूपणाच्या मानाने हॉप्सचा सुवास लवकर उतरतो. हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की आधी फळांचा दरवळ जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. साठवणुकीचे तापमान १० अंशांनी वाढले की शिळे होण्याचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. मोठ्या कंपन्यांची बाटलीबंद बिअर बहुधा पाश्चराइज केलेली असते. मायक्रोब्रुअरीची बिअर सहसा तशी नसते, तिला थंडाव्याची अखंड साखळी लागते. पुण्याहून कळंबोलीमार्गे मुंबईत आलेला केग एप्रिल-मेच्या दुपारी चढ-उतारासाठी उन्हात राहिला, तर ब्रुअरचे आठवडाभराचे कष्ट तासाभरात पाण्यात जातात.

उजेडही शत्रूच. उन्हातील किरणांमुळे हॉप्समधील कडू घटकांपासून एक गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उग्र, जळकट दर्प येतो. तपकिरी बाटली हे किरण बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक बाटली फारसे नाही.

मग तुलना कशी करावी?

पहिला प्रश्न चवीचा नव्हे, तारखेचा. ‘ही बॅच कधीची?’ असे विचारावे. चांगल्या टॅपरूममध्ये त्याचे उत्तर मिळते. बाटली किंवा कॅन असेल तर उत्पादनाची तारीख पाहावी. दोन्ही नमुने एकाच वयाचे नसतील तर निकाल लावण्याची घाई करू नये.

दुसरे, क्रम. सौम्यापासून कडूकडे जावे. सर्वांत कडू आधी घेतली तर नंतरच्या सगळ्या पाणचट लागतात. प्रत्येकी ९०-१०० मिलिलिटरचे नमुने पुरेसे होतात. पेला सारखा असावा आणि बिअर बर्फगार नसावी, ७ ते १० अंशांना वास खुलतो. सोबत पाणी आणि साधा पाव किंवा कुरमुरे असावेत. मसाला शेंगदाणे आणि चकली तुलना संपल्यावर. तिखटाने कडूपणा अधिक बोचतो.

तिसरे, शब्द. लेबलवर ‘ग्रेपफ्रूट’, ‘पाइन’ असे लिहिलेले असते. आपल्या नाकाला ओळखीचे शब्द वापरले तर वर्णन अधिक नेमके होते. पपनस, ईडलिंबू, गवती चहा, पिकलेला पेरू, पाडाचा आंबा, नुकते कापलेले गवत हे सगळे वास वेगवेगळ्या हॉप्समध्ये सापडतात. कडू आणि तुरट यांतही फरक करावा. कडूपणा मेथीसारखा असतो, तुरटपणा जांभळाच्या सालीसारखा, आणि आयपीएत तुरटपणा खटकण्याइतका असेल तर तो बहुधा दोष मानतात. पुठ्ठा हे शिळेपणाचे, लोण्यासारखा वास हे आंबवण अर्धवट राहिल्याचे, तर व्हिनेगरसारखा आंबटपणा हे अनेकदा नळी नीट न धुतल्याचे लक्षण. शेवटचा दोष ब्रुअरीचा नसून बारचा असू शकतो.

कर आणि कायद्याचा चवीशी काय संबंध?

मद्य ‘जीएसटी’च्या बाहेर आहे. त्यावरील उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर राज्य ठरवते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क वाढवले, त्यातून बिअर आणि वाइनला वगळले. तरीही भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये ‘स्ट्राँग’ प्रकाराचाच वाटा मोठा आहे, कारण बहुतांश ग्राहक रुपयामागे मिळणारी नशा मोजतो. महागडे हॉप्स घातलेली, तुलनेने सौम्य बिअर या हिशेबात मागे पडते.

मायक्रोब्रुअरींचा व्यवसाय मुख्यतः ‘इथेच बनवा, इथेच विका’ या धर्तीवर वाढला. २०२० च्या टाळेबंदीत टाक्यांमधील बिअर वाया जाण्याची वेळ आली, तेव्हा राज्याने ती ‘ग्राउलर’ म्हणजे झाकणबंद मोठ्या बाटलीत भरून विकण्यास मुभा दिली. ग्राउलरमध्ये भरलेली आयपीए मात्र लवकरात लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांतच संपवायला हवी. विनापरवाना घरी बिअर बनवणे राज्यात गुन्हा आहे, हौस म्हणूनही.

वयाची अटही लक्षात ठेवायला हवी. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात.

नोडमधील रहिवाशांचे काय?

सिडकोच्या नोडमध्ये इमारतीच्या तळमजल्यावर गाळे आणि वर घरे अशी रचना आहे. त्यामुळे मद्यविक्रीचा प्रत्येक परवाना थेट कोणाच्या तरी जिन्याखाली येतो. शेजारच्या खारघरमध्ये ‘नो लिकर झोन’ची मागणी वर्षानुवर्षे होत आहे. गृहसंकुलातील गाळ्यात नवे बिअर शॉपी किंवा मद्याचे दुकान सुरू करण्यासाठी सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक असेल, अशी घोषणा मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात झाली. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाचा मार्गही रहिवाशांपुढे आहे. रात्रीचा गोंगाट, महिलांची सुरक्षितता आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे हे या विरोधामागचे अनुभव आहेत. ‘आमची बिअर वेगळी’ एवढे उत्तर त्यांना पुरणारे नाही.

आरोग्याच्या बाजूनेही सवलत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा असून, पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चार नमुने चाखून कामोठ्याला परतणाऱ्यासाठी मानसरोवर किंवा खांदेश्वरला उतरवणारी हार्बरची लोकल हाच शहाणपणाचा पर्याय.