तारेचे कुंपण आणि वसतिगृहाचे दार

'बालगुन्हेगार' हा शब्द कायद्याने केव्हाच टाकून दिला. 2015 च्या बाल न्याय अधिनियमात 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हटले आहे. शब्द बदलला, परंतु समाजाची नजर बदलली काय? चोरी झाली की संशय कोणत्या वस्तीतल्या पोरावर जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

या नजरेला इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. 1897 च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 1911 च्या कायद्याने हे जू मुंबई इलाख्यावरही आले. सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी सेटलमेंट उभी राहिली. माणसे हजेरी देत जगली. हा कायदा 1952 साली गेला.

त्याच सोलापुरात बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली विद्यार्थी वसतिगृह उघडले. एकाच शहरातल्या या दोन वास्तू म्हणजे दोन विचार आहेत. पहिला म्हणतो, मूल बिघडणारच, त्याला कोंडा. दुसरा म्हणतो, मुलाला जेवण, निवारा आणि पुस्तक द्या. बाल न्यायाचा सगळा वाद आजही या दोन विचारांतच अडकलेला आहे.

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या एका श्रीमंत मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले. मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले. लोक खवळले, ते स्वाभाविकच होते. पण 'मुलांना मोठ्यांसारखीच शिक्षा करा' ही मागणी मान्य झाली, तर तिचा पहिला बळी कोण ठरेल? ज्याच्यापाशी वकील नाही, तो. त्याच कायद्याचे बारावे कलम सांगते की, मुलाला जामीन हा नियम आणि अडकवून ठेवणे हा अपवाद. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल द्यायचा असतो. मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांपैकी एक स्त्री. या तरतुदी गरिबाच्या पोरापर्यंत पोचाव्यात, हा आपला लढा असला पाहिजे.

आणि मंडळापुढे जाण्याची पाळीच येऊ नये म्हणून काय करता येईल? कामथडी पुणे-सातारा हमरस्त्यावर आहे. अशा रस्त्यावर शाळा सुटलेल्या पोराला धाबा, गॅरेज, ट्रक लगेच सामावून घेतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातली कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर गेली की मुलांची शाळा तुटते. मूल पोलिसांच्या वहीत येण्यापूर्वी शाळेच्या हजेरीपटावर गैरहजर असते. म्हणजेच पहिली खबर शिक्षकाला आणि अंगणवाडीताईला लागते.

यासाठी शासनाची ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. बाप मेलेल्या, आईबाप तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून तिचे दरमहा 2250 रुपये मिळतात. मूल घरातच राहते, संस्थेत जात नाही. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो आणि बाल कल्याण समिती आदेश देते. मात्र मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते, शाळेचा दाखला गोळा करता करता विधवा मजूर बाईचे चार रोज बुडतात. तिच्याबरोबर तालुक्याला जाणारा एक शिकलेला माणूस हवा.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. यात माझ्या हुशारीचा वाटा थोडा. वसतिगृहाचे जेवण, वस्तीने भरलेली परीक्षेची फी, नापास झालो तेव्हा घरी येऊन बसलेले गुरुजी, यांनी मला धरून ठेवले. माझ्या बरोबरीची ज्यांना असे कोणी धरले नाही, ती पोरे माझ्याहून वाईट नव्हती.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा : आपल्या गावची बाल संरक्षण समिती शेवटची कधी बसली? महिनाभर शाळेत न आलेली मुले कोणती? बालसंगोपनाला पात्र असून अर्ज न झालेली घरे किती? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. पुढच्या सभेत तेच इतिवृत्त हातात घेऊन उभे राहा.