‘मुळापेक्षा सरस’ म्हणताना

मॅसिव्ह अटॅक या बँडचा ‘प्रोटेक्शन’ हा अल्बम १९९४ मध्ये आला, तेव्हा समीक्षकांनी त्याचं स्वागत केलं, पण जरा हात राखून. १९९१च्या ‘ब्लू लाइन्स’नं ब्रिस्टलच्या या मंडळींकडून अपेक्षाच तशा वाढवून ठेवल्या होत्या. १९९५ मध्ये मॅड प्रोफेसरनं याच गाण्यांचं डब (गायकाचा आवाज गाळून, बास आणि इको पुढे आणून केलेलं रूप) करून ‘नो प्रोटेक्शन’ काढला आणि सूर पालटला. हा मुळापेक्षा सरस, असं अनेकांनी लिहिलं, अजूनही लिहितात. रीमिक्सच्या अल्बमला अशी दाद क्वचितच मिळते. एरवी तो कंपनीचा उरलंसुरलं खपवायचा उद्योग समजला जातो.

दाद रास्त होती, तिच्यामागचं गणित पटत नाही. त्यात मूळ गाणं वरच्या पायरीवर आणि रीमिक्स खालच्या, हे आधीच ठरलेलं असतं. डब ज्या जमैकात जन्मलं तिथे अशी उतरंड नव्हती. १९६८च्या सुमारास किंग्स्टनच्या ट्रेझर आइल स्टुडिओत एक तबकडी कापताना गायकाचा आवाज घालायचा राहून गेला आणि नाचायला जमलेले लोक त्यावरच खूश झाले, अशी हकिगत सांगतात. पुढे सिंगलच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं असं आवाजाविना ‘व्हर्जन’ देण्याचा पायंडाच पडला. डब घडवणाऱ्यांतला किंग टबी हा तर यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्यानं मिक्सिंग डेस्कलाच वाद्य केलं.

मॅड प्रोफेसर, म्हणजे गयानात जन्मलेला नील फ्रेझर, याच परंपरेतला. लंडनमध्ये त्याचा अरीवा स्टुडिओ १९७९ पासून चालू होता, ‘डब मी क्रेझी’ ही मालिका १९८२ पासून निघत होती. रॉकच्या पानांवर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना मात्र तो १९९५ साली सापडला!

‘रेडिएशन रूलिंग द नेशन’ ऐकावं. मूळ ‘प्रोटेक्शन’ ट्रेसी थॉर्नच्या आवाजावर उभं आहे. इथे तो आवाज तुकड्या-तुकड्यांनी येतो, एखादा शब्द इकोमध्ये लांबत जातो आणि ओळ पुरी होण्याआधीच डेस्कवरचा आवाजाचा फेडर खाली ओढलेला असतो. खाली बास चालूच. गाणं आधी ऐकलेलं असेल तर गाळलेली ओळ आपणच मनात म्हणतो. म्हणजे मूळ गाणं इथे कामाला लागलेलं आहे, हरलेलं नाही. अल्बमच्या दहा गाण्यांपैकी आठच त्यानं घेतली. ‘लाइट माय फायर’ वगळलं, ते बरंच झालं.

सगळ्यात गमतीचा मामला ‘आय स्पाय’चा. ते ‘स्पायिंग ग्लास’चं डब. गायक होरेस अँडी. पण हे गाणं त्यानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच न्यूयॉर्कच्या वॅकीज या लेबलसाठी गायलं होतं. मॅसिव्ह अटॅकनं त्याच्याकडूनच ते पुन्हा गाऊन घेतलं. आता यातलं मूळ कोणतं? ‘सरस’ कोणापेक्षा ठरवायचं? गाणं रेगे या जमैकन संगीताकडून ब्रिस्टलला गेलं आणि फ्रेझरनं ते घरी आणून सोडलं, एवढंच म्हणता येतं.

मॅसिव्ह अटॅकच्याच १९९८च्या ‘मेझनाइन’ अल्बमचंही डब त्यानं केलं. ते काम पडून राहिलं आणि २०१९ मध्ये बाहेर आलं. मला ते ‘नो प्रोटेक्शन’इतकं भिडत नाही: ‘मेझनाइन’ आधीच इतका काळोखी आणि विरळ आहे की डबवाल्याला काढून टाकायला फारसं काही उरत नाही. ‘प्रोटेक्शन’ भरलेला होता, म्हणून फ्रेझरला त्यातून इतकं काढता आलं.