तेलाच्या देशातली काजू बी

आमच्या कुळगीहून गोव्याकडे किंवा चंदगडकडे गेलात तर काजूचे कारखाने लागतात. आपल्या पट्ट्यातली बी त्यांना वर्षभर पुरत नाही. मग आफ्रिकेतून गोणी येतात, त्यांत नायजेरियाच्याही! हो, तोच तेलाचा देश. तिथे ओलोइबिरीला १९५६ साली तेल सापडलं, १९५८ पासून निर्यात सुरू झाली आणि आजही निर्यातीची बहुतेक कमाई तेल-वायूचीच.

मला खटकतं ते असं: कच्चं तेल विकायचं, पेट्रोल बाहेरून आणायचं. बी तशीच विकायची. भाजणं, फोडणं, सोलणं यांची मजुरी परदेशात. पेट्रोलचं चित्र आता बदलतंय: २०२४ पासून लागोसजवळची दांगोटे रिफायनरी पेट्रोल काढते, क्षमता रोज साडेसहा लाख पिंपं. काजूगराचे कारखाने मात्र तिथे अजून थोडेच. भारत त्यांच्याकडून दोन्ही घेतो, कच्चं तेल आणि कच्ची बी.