मेणाच्या ठोकळ्यातले उत्तर

सकाळी उठल्याबरोबर मूल ओकले की आमच्या कोपरगावातल्या घरांत पहिला शब्द निघतो तो 'पित्त' आणि दुसरा 'दृष्ट'. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात आणि बहुतेक मुले बरीही होतात. प्रश्न उरतो तो एखाद्याच मुलाचा. त्याची ओकारी थांबत नाही, डोके ठणकते, चालताना झोक जातो. ओळखीतल्या अशाच एका मुलाला गोदाकाठावरून मुंबईला न्यावे लागले, आणि त्या निमित्ताने मी 'मेड्युलोब्लास्टोमा' हा जिभेला न पेलणारा शब्द शिकलो.

शरीराचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत ही गाठ उठते. मुलांच्या मेंदूतील कर्करोगाच्या गाठींमध्ये हीच सर्वाधिक आढळते. बेली आणि कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ साली तिचे वर्णन केले. वाढत्या मेंदूतल्या पेशी भराभर दुणावतात आणि वेळ आली की थांबतात; इथे ते थांबणेच हरवलेले असते. मग मेंदू व मणक्याभोवतीच्या पाण्यातून या पेशी पसरतात. रक्तातूनही त्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात, हे टोरोंटोच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांना संपूर्ण मेंदू आणि मणक्यावर किरणोपचार देतात. मूल वाचते, पण पुढे बुद्धी, उंची, अंतःस्राव यांवर परिणाम होऊ शकतो. मग किरण थोडे कमी करता येतील का?

इथे प्रयोगशाळा कामी येते. या एका नावाखाली मुळात चार निरनिराळे आजार आहेत, असे २०१२ पर्यंत जगभर मान्य झाले. त्यांतल्या 'विंट' गटातली बहुतेक मुले बरी होतात. तिसऱ्या गटातल्यांचे भवितव्य मात्र कठीण. गट ओळखायचा कसा? रुग्णालयात गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, पण त्यातले जनुकीय संदेश तुटून जातात. खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने 'मायक्रोआरएनए' या चिमुकल्या रेणूंकडे लक्ष वळवले. आकाराने लहान असल्यामुळे ते मेणातही टिकतात. या रेणूंवर आणि काही निवडक जनुकांवर आधारलेली चाचणी त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. याच रेणूंच्या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले. पुढे २०१९ साली याच गटाने दाखवले, की 'एमआयआर-२०४' हा रेणू कमी असलेल्या तिसऱ्या-चौथ्या गटातल्या गाठी अधिक आक्रमक असतात.

पण ज्ञान आले म्हणजे घाई करावी असे नाही. टाटा रुग्णालयात 'विंट' गटातल्या मोजक्या मुलांना फक्त गाठीच्या जागी किरण देऊन पाहिले. काही मुलांत आजार दुसरीकडे उलटला, तेव्हा तो अभ्यास मध्येच थांबवण्यात आला. डॉक्टरांनी किरण पूर्ण वगळण्याऐवजी मात्रा कमी करण्याची वाट धरली. विज्ञानाचा हा प्रामाणिकपणा मला यशाइतकाच मोलाचा वाटतो.

वाचकहो, खारघरची सूक्ष्म चाचणी तुमच्या-आमच्या हाती नाही. तिथवर मूल वेळेत पोहोचवणे मात्र आहे. सकाळची डोकेदुखी आणि ओकारी आठवड्या-दोन आठवड्यांत हटली नाही, तर दृष्ट जरूर काढा, पण डॉक्टरांना 'डोक्याचा फोटो काढायचा का?' एवढे विचाराच. चालण्यातला तोल गेला किंवा अचानक तिरळेपणा आला, तर तेवढीही वाट पाहू नका.