सहा तासांची मुदत

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना परस्पर मंजुरी देणारा बनावट स्विच उभारला आणि २८ देशांतून पैसे निघाले. १३ तारखेला हाँगकाँगकडे आणखी १३.९२ कोटी. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा.

अशा हल्ल्याचा संशय आला की बँकेच्या सुरक्षा नियंत्रण कक्षात ‘केस’ उघडतात: क्रमांक, तीव्रता, जबाबदार माणूस, वेळेनिशी नोंदी. इशारे ढिगाने येतात, बरेचसे फुसके. कसब लागतं ते सुटे इशारे एका केसमध्ये जोडायला. घाईने सर्व्हर पुसला तर पुरावाही गेलाच!

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, संगणक प्रणालींच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपायचे. छोट्या सहकारी बँकेलाही यातून सूट नाही. फसलेल्या खातेदारासाठी मदतीचा फोन क्रमांक वेगळा: १९३०.