खंडानंतर पुन्हा पाण्यात

हैदराबादच्या सुलतान बाजारातील मराठी घरातली एखादी मुलगी, काही वर्षांच्या खंडानंतर, शाळेच्या जलतरण संघाच्या निवडीस उभी राहू म्हणते, तेव्हा आईबापांच्या मनी शंका येते : आता जमेल काय?

कोल्हापूरचे वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहले. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. पुढे तहसीलदाराच्या नोकरीत काही वर्षे सराव सुटला. तथापि २०१८ साली, जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत, ५० मीटर मुक्तशैलीत ते चौथे आले. पदक हुकले ते अवघ्या एक शतांश सेकंदाने!

पोहण्याची कला शरीर सहसा विसरत नाही. दम मात्र थोड्याच आठवड्यांत ओसरतो. म्हणून पालकांनी आरंभीच घड्याळ हाती घेऊ नये. मुलीने २५ मीटर सावकाश पोहावे, विसावा घ्यावा, पुन्हा पोहावे. श्वास पाण्यात सोडण्याची सवय प्रथम लावावी. अंतर हळूहळू वाढवावे. खांदा दुखल्यास थांबावे. उडी, वळण व वेग यांचा सराव त्यानंतर.

आणि निवड झाली नाही, तरी तिला बोल लावू नये. शतांशाने मागे राहिलेल्याचे श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल?